पूजेला लावलेला बूट

तारीख, गेल्या वर्षीची खंडेनवमी. रक्कम, पाचशे एक रुपये, बंद पाकिटात. हजर, धाकटे मालक, त्यांच्या आई, ऑफिसातली सहा-सात माणसं, आम्ही बेचाळीस कामगार आणि एक फोटोवाला. टेबलावर हातोडे, पाने, ग्राइंडर, मोजपट्ट्या, झेंडूची फुलं. आणि माझे बूट.

बूट टेबलावर मी ठेवले नव्हते. पूजेला सगळ्यांनी पायतान दाराबाहेर काढलं होतं, तसं मीही काढलं होतं. आरती झाली. धाकट्या मालकांनी माइक हातात घेतला, माझं नाव पुकारलं आणि शिपायाला खूण केली. शिपाई बाहेर गेला आणि माझे बूट घेऊन आला. त्याला शोधावं लागलं नाही. तसे बूट त्या रांगेत दुसऱ्या कुणाचे नव्हते.

मालकांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात धरून एक बूट वर उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"हा बूट बघा. कंपनीनं दिलेली एक जोडी. तीन वर्षं झाली! तळ बदललाय, टाच बदललीय, बाजूनं शिवलाय. पण या माणसानं टाकला नाही. याला म्हणतात आपलेपणा."

टाळ्या.

"आणि हे येतं कुठून? रक्तातून येतं. धनगराचं पोर आहे हे. मेंढरांमागं अनवाणी फिरलेल्या माणसांची ही पोरं. त्यांना वस्तूची किंमत कळते."

पुन्हा टाळ्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मी पुढे उभा होतो. वय बावन्न. पायात मोजे. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. मी तो दुसऱ्या पायाखाली लपवत होतो, तर तोल जात होता. माझ्या डोक्याला फेटा बांधला. अंगावर शाल टाकली. हातात नारळ दिला, नारळावर पाकीट.

"बोला, दोन शब्द बोला," मालक म्हणाले.

"थँक्यू साहेब," मी म्हणालो. दोनच शब्द बोललो. दुसरं काही सुचलं नाही.

बूट त्यांनी परत टेबलावर ठेवला. जोडीतला दुसरा होताच तिथे. एवढ्यात मालकांच्या आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन टेबलाकडे वळल्या. त्यांना आम्ही आईसाहेब म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नजर अधू, पण पूजेला दरवर्षी येतात. हातोड्याला बोट, पान्याला बोट, ग्राइंडरला बोट. हाताला सवय. त्याच ओघात बोट माझ्या बुटाला लागलं. एकाला, मग दुसऱ्याला. वर अक्षता पडल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

आईसाहेब क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "लागलं ते लागलं. ज्याच्यावर पोट आहे ते हत्यारच. आता उद्या संध्याकाळपर्यंत हलवू नका."

आमच्याकडे पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत जागचं हलवत नाहीत. मालकांची यंत्रं या रिवाजातून सुटलेली आहेत. भटजी तसा मुहूर्त काढून देतात आणि दुपारी दोनला यंत्रं पुन्हा सुरू होतात. माझ्या बुटाला मात्र कुणी मुहूर्त काढून दिला नाही.

म्हणून मी फाटके मोजे खिशात कोंबले आणि घरी अनवाणी गेलो. बुटाशिवाय कामावर उभं राहता येत नाही, म्हणून मला लवकर सोडलं. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, गाडीच्या हँडलला पिशवीत नारळ आणि खाली उघडे पाय. गाडीची किक तळव्यात रुतली. कुपवाडच्या रस्त्यावर पेट्रोल टाकायला थांबलो तर पंपावरचा माणूस म्हणाला, "काय मामा, कुणाचं लगीन?"

"माझंच," मी म्हणालो.

तो हसला. त्याचं पायाकडे लक्ष गेलं आणि हसायचा थांबला.

बायको दारातच होती. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आवं, फेटा हाय. पायतान कुठं हाय?"

मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं नाही. धान्याच्या डब्यामागे सरकवून ठेवलं. "ह्ये पैसं मी घरात वापरनार न्हाई," एवढंच म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं.

आता बुटाचं सांगतो, कारण त्याबद्दल माइकवर जे सांगितलं गेलं ते खोटं होतं.

आम्ही लोखंडी कास्टिंग घासून गुळगुळीत करतो. तापलेला कीस उडतो, जड माल हातगाडीवरून घसरतो. म्हणून पुढे पोलादी वाटी असलेला बूट लागतो. कंपनीचा नियम होता, वर्षाला एक जोडी. पहिल्या वर्षी मिळाली. दुसऱ्या वर्षी स्टोअरचा माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात म्हणाला, दिवाळीनंतर. बाकीच्यांनी त्याच्या मागे लागून, भांडून घेतली. मला कुणाच्या मागे लागणं जमत नाही. मी मारुतीकडे गेलो. मारुती कुपवाड फाट्यावर कडुलिंबाखाली बसतो. त्यानं ट्रकच्या टायरचा तळ लावून दिला. तिसऱ्या वर्षी टाच लावली, बाजू शिवली. ही आपुलकी नव्हती. मला नवा दिलाच नव्हता, म्हणून मी जुना शिवत होतो. माझ्या खिशातून.

आणि दुसरं खोटं, अनवाणी.

आम्ही वडूजकडचे. माझा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन साताऱ्याच्या अंगानं घाट उतरायचा आणि कोकणात जायचा. पायात वहाणा. जाड चामड्याच्या, खाली टायरचा तळ, दोन्ही मिळून दोन शेर वजनाच्या. करकर वाजायच्या. बाप येतोय हे मेंढरांना आधी कळायचं, मग आम्हाला. कमरेच्या पिशवीत आरी आणि मेण लावलेला दोरा कायम. मुक्काम पडला की आधी कुत्र्यांना भाकरी, मग वहाणांना टाका, मग स्वतःचं जेवण. वहाण दुरुस्त करणं ही आमच्या बापाला कमीपणाची गोष्ट नव्हती. काट्याकुट्यातून चालायचं तर पाय शाबूत पाहिजेत, एवढा साधा विचार.

एकदाच त्याच्या वहाणा कुणी काढायला लावल्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. आम्ही एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. सकाळी धान्य घ्यायला बाप अंगणात गेला. बागायतदार ओट्यावरून म्हणाला, "धनगरा, वहाणा बाहेर काढ. अंगण शेणानं सारवलंय." त्याची स्वतःची पोरं चपला घालून त्याच अंगणात गोट्या खेळत होती.

बापानं वहाणा काढल्या. धान्य घेतलं. बाहेर येऊन वहाणा घातल्या आणि मेंढरं उठवली. अजून तीन रात्री बसायच्या ठरल्या होत्या. बागायतदार बांधापर्यंत पळत आला. बाप थांबला नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्या गावावरून गेलो, पण त्या रानात आमचं मेंढरू बसलं नाही. बापाला विचारलं तर एवढंच म्हणायचा, "त्येच्या रानाला आपली लेंडी न्हाई."

माझ्या बापाला मेंढरांमागं अनवाणी फिरलेला माणूस म्हणाले. चारचौघांत. माइकवरून.

दिवाळीनंतर कारखान्याच्या फलकावर एक फोटो लागला. माझा. फेट्यातला. शेजारी बुटाचा फोटो, माझ्या तोंडापेक्षा मोठा. खाली छापलेलं, "एक जोडी, तीन वर्षे. मग आपण का नाही?" आणि त्याच्या खाली नवा नियम. यापुढे बूट दोन वर्षांतून एकदा, तोही जुन्याची अवस्था बघून.

तेव्हा मला कळलं, सत्कार कशाचा होता.

यासीन माझ्या शेजारच्या मशीनवर. शिराळ्याचा. सोळा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खातोय. तो फलकासमोर उभा राहिला, सावकाश वाचलं आणि म्हणाला, "तुझ्या बुटानं आमचा बूट खाल्ला, गड्या."

बाकीचे एवढ्या सभ्यपणानं बोलले नाहीत. जेवायच्या सुट्टीत एकजण माझ्या पायाशी वाकला. "पाया पडू द्या बूटमहाराज. जागृत देवस्थान हाय." दुसऱ्यानं बुटावर झेंडू ठेवला. तिसरा म्हणाला, "नवस बोला रं, पुढल्या साली चप्पलवर काम करायला मिळंल." सगळे हसले. मी डबा बंद केला.

"मला दिलाच न्हवता नवा," मी म्हणालो. "म्हनून शिवला."

"मग मायकावर का न्हाई बोललास?" यासीननं विचारलं. "मायकावर तर थँक्यू म्हनलास."

मी बुटावरचा झेंडू काढून खाली ठेवला.

संक्रांतीच्या सुमारास उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. चालताना जीभ बाहेर काढल्यासारखा लपलप करायचा. मी मारुतीकडे नेला. त्यानं उलटा केला, आत बोट घालून बघितलं.

"आता हेला शिवायला कातडं कुठं ऱ्हायलंय? दोरा दोऱ्याला शिवतोय मी."

"जमंल का?"

"जमंल. पन सांगतो, नवा घ्या. ह्यात कंपनीचं काय उरलंय आता? नाडीची भोकं."

मी बूट तसाच परत आणला. बायकोचं एकच म्हणणं, "बाजारातनं नवा आना. हजार गेलं तर गेलं. लोकं हसत्यात तुमाला." तिचं बरोबर होतं. पण मी आकडेमोड करणारा माणूस आहे आणि ही आकडेमोड जमत नव्हती. शिवून घातला तर फलकावरचं वाक्य खरं ठरतं. मालक म्हणणार, बघा, चौथं वर्ष. स्वतःच्या पैशानं नवा घेतला तरी मालकच जिंकले, कारण त्यांनी द्यायचा तो मी विकत घेतला. आणि मागायला गेलो तर स्टोअरचा माणूस माझाच फोटो मला दाखवणार. बूट माझ्या पायात होता आणि तो शिवायचा की टाकायचा हे ठरवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

मी पुढून तार गुंडाळली आणि कामाला गेलो.

यासीनच्या बुटाची पोलादी वाटी त्याच दिवसांत निखळली. डावा बूट. तो स्टोअरला गेला. स्टोअरच्या माणसानं फलकाकडे बोट केलं. "त्यांच्याकडं बघ. तुला वर्ष आहे अजून." यासीन वाटीशिवायच घालत राहिला. मला म्हणाला, "बूट हलका झाला गड्या, पळायला बरा."

उन्हाळ्यात एका सकाळी हातगाडीवरचं कास्टिंग घसरलं. यासीनच्या डाव्या पायावर. मी शेजारी होतो. आवाज फार झाला नाही. त्याचा बूट आम्ही कापून काढला. दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

सांगलीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी धाकटे मालक आले. हातात फळांची पिशवी. खाटेवर यासीन, पायथ्याशी त्याची बायको, मी स्टुलावर. मी उठलो, मालक बसले. चौकशी केली. मग म्हणाले, "यासीन, राग मानू नकोस. पण बूट सांभाळायचा असतो. वाटी कशी निघते? हे बघ, हे कसे सांभाळतात. यांच्याकडून शिका जरा."

आणि माझ्या पायाकडे बोट केलं.

यासीनच्या बायकोनं माझ्या पायाकडे बघितलं. तारेनं बांधलेला बूट. पदर तोंडाला लावून तिनं मान भिंतीकडे फिरवली. बावन्न वर्षांत माझ्याकडे बघून कुणी अशी मान फिरवली नव्हती. माझ्या पायातली वस्तू तिच्या नवऱ्याच्या विरुद्ध साक्ष देत होती आणि मी ती वस्तू घालून तिच्यासमोर उभा होतो.

मालक गेले. यासीन छताकडे बघत म्हणाला, "तुझा बूट लय महाग पडला रं."

कंपनीनं अपघाताचं कारण लिहून कळवलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

मी जिना उतरून दवाखान्याच्या आवारात पायरीवर बसलो. बूट काढला. दोन्ही हातांत धरला. तळ टायरचा, टाच टायरची, दोरा मारुतीचा, तार माझी. वर कुंकवाचा डाग, पुसट. मी ओला कपडा कधी लावला नव्हता त्याला. बाप आठवला. बापानं अंगणात काही म्हटलं नव्हतं. बाहेर येऊन मेंढरं उठवली होती.

तिथे माझं ठरलं. हा बूट शिवायचा नाही. टाकायचा नाही. नवा घ्यायचा नाही. खंडेनवमीपर्यंत तो असाच जगला पाहिजे.

पुढचे महिने मी तार बदलत राहिलो. पावसात पाय भिजले, कातडी सोलली. बायको रोज बडबडायची, मग एक दिवस मी तिला मनातला बेत सांगितला. ती चुलीपुढून उठली, डब्यामागचं पाकीट काढून बघितलं आणि परत ठेवलं. "असंच ऱ्हाऊ द्या. कामाला यील," म्हणाली. त्यानंतर बुटाबद्दल एक शब्द नाही. रात्री ती स्वतः माझ्या पायाला तेल लावायची.

कामगारांना तयार करणं सोपं गेलं नाही. चहाच्या गाड्यावर मी एकेकाला धरून सांगायचो आणि ते माझ्या बुटाकडे बघून हसायचे. "महाराज, आता काय चमत्कार?" मग यासीन काठी टेकत आला. त्याला पॅकिंगला बसवलं होतं. तो म्हणाला, "त्येनी एक जोडी लावली. आपुन बेचाळीस लावू. माझा डावा सगळ्यात म्होरं ठिवा." त्यानंतर कुणी हसलं नाही.

यंदाची खंडेनवमी. तोच हॉल, तेच टेबल, तोच फोटोवाला. दारात बूट काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी काढले, पण बाहेर ठेवले नाहीत. हातात घेऊन आत आलो. टेबलापुढे आम्ही पोती अंथरली होती. त्यावर ओळीनं ठेवले. फाटके, वितळलेले, उसवलेले, बेचाळीस जोड्या.

"हे काय चाललंय?" धाकटे मालक म्हणाले.

मी सरळ आईसाहेबांकडे गेलो. हात जोडले.

"आईसाहेब, मागल्या साली तुमीच सांगितलं, ज्येच्यावर पोट हाय ते हत्यार. ही आमची हत्यारं हायत. कुंकू लावा."

आईसाहेबांनी मुलाकडे बघितलं नाही. ताट घेतलं आणि वाकल्या. पहिला बूट यासीनचा, डावा, कापलेला, पुढून चेपलेला. कातड्यावर काळा डाग. त्यांचं बोट थांबलं. तोंड जवळ नेऊन बघितलं.

"हा कुणाचा?"

मागून काठी वर झाली. "माजा, आईसाहेब. त्येला नका लावू कुंकू. आदीच लागलंय."

या वेळी घाम मालकांच्या कपाळावर होता. आईसाहेबांनी त्या बुटाला कुंकू लावलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. त्यांची कंबर दुखत असणार, तरी चौऱ्याऐंशी बूट पुरे केले. शेवटी सरळ होत नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत हलवू नका."

मला एवढंच हवं होतं.

दुपारी दोनला भोंगा झाला. आम्ही कामाच्या दारात उभे राहिलो. उघड्या पायांनी. दारावर कंपनीचाच फलक, "सुरक्षा बूट घातल्याशिवाय आत प्रवेश नाही." बाहेर ट्रक लागला होता. साताऱ्याच्या कंपनीचा माल त्याच रात्री जायचा होता. निम्माही घासून झाला नव्हता. तारीख आम्ही ठरवली नव्हती, ती मालकांनीच कबूल केली होती.

मालक आले. "नाटकं पुरे. बूट घाला."

"पूजंला लावल्यात साहेब," मी म्हणालो.

"यंत्रं पण पूजेला लावलीयत. ती चालू होतात ना?"

"यंत्रं तुमची. तुमी उठवली. बूट आमचं हायत."

ते केबिनमध्ये गेले. आईसाहेब तिथे बसल्या होत्या. काच बंद होती, तरी त्यांचा एक शब्द आम्हाला ऐकू आला. "नाही." मालक बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते.

"चपला घालून या मग."

"फलक तुमचाच हाय. यासीनच्या टायमाला तुमीच आमाला वाचून दाखवलाय."

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मालकांनी हात झटकला. "बरं. आजच्या दिवस अनवाणी करा. मी सांगतोय. काही होत नाही."

तो शब्द मला त्यांच्या तोंडून पुन्हा हवा होता. वर्षभर मी त्याची वाट बघत होतो.

"अनवानी?" मी म्हणालो. "साहेब, माजा बाप मेंढरांमागं कवा अनवानी फिरला न्हाई. तुमी मायकावर सांगितलं ते खोटं. आन ही जोडी मी आपुलकीनं शिवली न्हाई. तुमी दिली न्हाई म्हनून शिवली. अनवानी मी एकदाच गाडी चालवलीया. तुमचा फेटा डोक्यावर घिऊन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेचाळीस माणसं नुसती उभी होती.

"काय पाहिजे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नवी जोडी. सगळ्यांना. आज. आन दर वर्साला. आन तो फोटू काढा."

साडेपाचला सांगलीहून टेम्पो आला. बुटांचे खोके उतरले. मी सांगितलं, ज्यांच्या हातनं फेटा दिला त्यांच्याच हातनं बूट द्यायचे. खुर्ची टाकली. एकेक माणूस खुर्चीत बसायचा आणि मालक समोर खोकं घेऊन उभे राहायचे. माप बघायचं. घट्ट वाटला तर दुसरं खोकं. कुणी घाई केली नाही. ज्यानं माझ्या बुटावर झेंडू ठेवला होता त्यानं तीन जोड्या घालून बघितल्या आणि पहिलीच घेतली. यासीनच्या डाव्या बुटात पुढे कापूस भरावा लागला. तो कापूस मालकांनी स्वतःच्या हातानं भरला. रुमाल त्यांना आठवला नाही.

मी सगळ्यात शेवटी बसलो. बूट चढवला. नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. ते उभे होते. मी मान खाली घालून पुन्हा सोडली आणि सावकाश, एकेका भोकातून ओढत, तिसऱ्यांदा बांधली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

दरवर्षी जोडी देऊ हे त्यांनी आईसाहेबांसमोर माइकवर सांगितलं. फलकावरचा फोटो शिपायानं उतरवला. मी तो मागून घेतला आणि घरी चुलीत घातला. मग आम्ही कामाला लागलो. माल वेळेवर गेला.

दसऱ्याच्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापले बूट उचलले. बहुतेकांचे कचऱ्यात गेले. मी माझे मारुतीकडे नेले.

"आता कशाला?" तो म्हणाला. "नवा हाय की पायात."

"शिव. घट्ट शिव. आन टाचंला लोखंडी नाल ठोक."

"घालनार कवा?"

"घालनार न्हाई."

मारुतीनं माझ्याकडे बघितलं. नाल चांगला जाडजूड निवडला. घरून निघताना बायकोनं पाकीट माझ्या खिशात घातलं होतं. वर्षभरानं मी ते पहिल्यांदा फोडलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. बूट घालूनच. टेबलावर पैसे ठेवले.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"मागल्या सालचं पाचशे एक. दीडशे बुटाच्या दुरुस्तीला गेलं. ऱ्हायल्यालं परत."

"नवा दिलाय ना तुम्हाला?"

"नवा पायात हाय. जुना घरी दाराजवळ खिळ्याला हाय. टाचंला नाल ठोकलाय. दर खंडेनवमीला संगं आननार हाय. जोडी मिळाली तर पूजंला लावनार."

"आणि नाही मिळाली तर?"

मी त्यांच्या गालाकडे बघितलं. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

मारुतीला दीडशे दिले. मालकांना तीनशे एक्कावन्न परत केले. यासीनच्या दोन बोटांचं कुणी कुणाला अजून काही दिलेलं नाही. बूट खिळ्यावर आहे.